ध्वनिमुद्रण झाल्यावर बदललेला मायक्रोफोनचा पॅटर्न

गाण्याच्या ध्वनिमुद्रणात बाजूने येणारी संगणकाच्या पंख्याची घरघर कार्डिऑइड पॅटर्नमध्येही (पॅटर्न म्हणजे मायक्रोफोन कोणत्या दिशेचा आवाज किती टिपतो ते; कार्डिऑइड मुख्यतः समोरचा टिपतो) ऐकू येत होती, कारण हा पॅटर्न ९० अंशांवरचा, म्हणजे थेट बाजूचा, आवाज जेमतेम ६ डेसिबलने कमी करतो. सुदैवाने मायक्रोफोनच्या पुढच्या आणि मागच्या कॅप्सूलचे (आवाज टिपणाऱ्या भागांचे) सिग्नल वेगवेगळ्या ट्रॅकवर, सारख्याच गेनने (सिग्नल वाढवण्याच्या प्रमाणाने) नोंदवलेले होते. त्यामुळे ध्वनिसंपादनाच्या प्लगइनमध्ये मागच्या सिग्नलची पोलॅरिटी (धन-ऋण बाजू) उलटवून तो पुढच्यात मिसळताच पुढचा-मागचा आवाज टिपणारा, पण थेट बाजूचा जवळजवळ न टिपणारा फिगर-एट पॅटर्न तयार झाला आणि घरघर जवळजवळ नाहीशी झाली. पंखा ९० अंशांच्या थोडा मागे असता, तर मागच्या सिग्नलची पातळी उतरवून काम भागले असते. मात्र फिगर-एटमध्ये प्रॉक्सिमिटी इफेक्ट, म्हणजे जवळून गाताना खालच्या वारंवारिता फुगणे, वाढतो. घुमू लागलेला आवाज २०० हर्ट्झखाली लो-शेल्फने (खालच्या वारंवारिता उतरवणाऱ्या फिल्टरने) सौम्य केला. मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी किंचित वाढला खरा, पण नॉइज रिडक्शनने (सॉफ्टवेअरने गोंगाट काढण्याने) ‘स’, ‘श’ खरवडले जाण्यापेक्षा तो परवडला.