डोकेदुखी आणि डोळे: ‘पित्त’ किंवा ‘नंबर’ म्हणून सोडून देण्याआधी या चुका टाळा

डोके दुखू लागले की आपल्याकडे निदान बहुधा घरातच होऊन जाते. मळमळत असेल तर पित्त, आणि दुखणे डोळ्यांच्या मागे असेल तर चष्म्याचा नंबर. कधी कधी ते बरोबरही ठरते. परंतु अर्धशिशी आणि डोळ्यांचे काही गंभीर आजार यांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की या दोन शब्दांवर थांबणे महागात पडू शकते. डोळा, भुवई, कपाळ आणि मेंदूच्या आवरणाचा बराचसा भाग यांची संवेदना चेहऱ्याच्या एकाच मज्जातंतूच्या वरच्या शाखेतून मेंदूकडे जाते. त्यामुळे दुखण्याचे मूळ डोक्यात असो वा डोळ्यात, ठणका डोळ्यामागेच जाणवू शकतो. नेमके कुठे दुखते यापेक्षा डोळा कसा दिसतो आहे आणि नजरेत काय बदल झाला आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

डोळा न पाहताच पित्त ठरवणे

माझी आत्या साठीच्या उंबरठ्यावर असतानाची गोष्ट आहे. एका रात्री तिच्या उजव्या भुवईवर ठणका लागला आणि पाठोपाठ दोन उलट्या झाल्या. तरुणपणापासून तिला अर्धशिशीचा त्रास असल्यामुळे आम्हा कोणालाच त्यात काही वेगळे वाटले नाही. कपाळाला सुंठीचा लेप लावला, पित्ताची गोळी दिली आणि खोलीतला दिवा मालवला. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असे ती त्याआधी दोनदा म्हणाली होती, पण ते आम्ही मनावर घेतले नाही. सकाळी खिडकी उघडली तेव्हा तिचा उजवा डोळा लालबुंद झालेला होता, बुबुळावर धुके धरल्यासारखे दिसत होते आणि त्या डोळ्याची बाहुली डाव्या बाहुलीपेक्षा स्पष्टपणे मोठी होती.

तो काचबिंदूचा तीव्र झटका होता. डोळ्याच्या आत सतत तयार होणाऱ्या पाण्याच्या निचऱ्याची वाट अशा वेळी अचानक बंद होते. डोळ्यातला दाब एरवी साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो. झटक्यात तो 40 च्या पुढे चढू शकतो आणि त्या दाबाखाली दृष्टीची नस काही तासांतच निकामी होऊ लागते. अंधारात बाहुली मोठी होते आणि निचऱ्याची अरुंद वाट आणखी आवळली जाते. अर्धशिशीत दिलासा देणारी अंधारी खोली इथे नेमकी घातक ठरते, हे आम्हाला त्या रात्री ठाऊक असायला हवे होते. औषधांनी दाब उतरवला गेला, नंतर लेझरने दोन्ही डोळ्यांत पाण्याला वाट करून देण्यात आली, पण उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेलीच.

पन्नाशीपुढच्या व्यक्तींमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये आणि प्लसचा नंबर असलेल्यांमध्ये, या प्रकारच्या काचबिंदूचा धोका अधिक असतो. म्हणून डोकेदुखीबरोबर उलटी झाली की दिवा मालवण्याआधी दोन्ही डोळे उजेडात नीट पाहावेत आणि दोन्ही बाहुल्यांची तुलना करावी. डोळा लाल असेल, अंधुक दिसत असेल किंवा दिव्याभोवती कडी दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून टोपिरामेट हे औषध सुरू केलेल्यांनीही, विशेषतः पहिल्या महिन्यात, अचानक अंधुक दिसू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. क्वचित त्या औषधामुळेही दोन्ही डोळ्यांतला दाब असाच चढतो.

नजरेतला बिघाड कोणत्या डोळ्यात आहे हे न तपासणे

मला स्वतःला अर्धशिशी आहे. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी बसस्थानकावर उभा होतो आणि एस.टी.च्या पाटीवरच्या ‘संगमनेर’मधले मला फक्त ‘नेर’ दिसत होते. डावीकडची अक्षरे पुसल्यासारखी नाहीशी झाली होती आणि त्या जागी करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ हळूहळू कडेकडे सरकत होती. घाबरून मी उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला. रेघ दोन्ही वेळा तशीच दिसली. बिघाड डोळ्यात नसून मेंदूच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागात असल्याची ती खूण होती, हे मला पुढे कळले. अर्धशिशीची ही पूर्वसूचना सहसा 5 ते 60 मिनिटे टिकते, हळूहळू पसरते आणि पूर्णपणे ओसरते.

ही एक एक डोळा झाकण्याची तपासणी फार थोडे लोक करतात, आणि नंतर डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांना काहीच सांगता येत नाही. बिघाड एकाच डोळ्यात असेल, एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे वाटत असेल किंवा एकाएकी ठिणग्या आणि काळे ठिपके दिसू लागले असतील, तर त्याला अर्धशिशी मानून झोपून राहू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागणे, केस विंचरताना टाळू दुखणे आणि घास चावताना जबडा भरून येणे ही लक्षणे रक्तवाहिन्यांच्या सुजेची असू शकतात, आणि त्यात उपचाराला उशीर झाला तर नजर जाते. वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांना डोकेदुखीबरोबर वाकताना काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळ्यांचा पडदा तपासून घेणे आवश्यक आहे.

दर वेळी चष्मा बदलणे

चष्म्याने जी डोकेदुखी थांबते तिची चाल ठरलेली असते: वाचन, शिवणकाम किंवा संगणकावरच्या कामानंतर कपाळ जड होते आणि विश्रांतीने उतरते. चाळिशी लागल्यावर किंवा मुलाला लपलेला प्लसचा नंबर असल्यास हा त्रास होतो. मुलाचा नंबर मात्र दुकानातल्या यंत्रावर न काढता थेंब घालून तपासावा, कारण मूल डोळ्यांवर ताण देऊन तो झाकून टाकते. अर्ध्या डोक्यात ठणकणारी, उजेड आणि आवाज नकोसा करणारी डोकेदुखी मात्र नवी काच घालून जात नाही.

घरातही काळा गॉगल, आणि रोजची गोळी

उजेड सोसत नाही म्हणून घरातही काळा गॉगल लावणाऱ्यांचे डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधी ट्यूबलाइटही बोचू लागते. झटका ओसरल्यावर गॉगल फक्त उन्हापुरता ठेवावा. गोळ्यांचेही असेच आहे. साधी वेदनाशामके महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या ट्रिप्टान गटाच्या किंवा एकाहून अधिक वेदनाशामके असलेल्या मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू राहिले, तर गोळीमुळेच डोके दुखू लागते. घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब आठवणीवर सोडला तर तो हमखास कमी भरतो. म्हणून मी प्रत्येक गोळीची तारीख कॅलेंडरवर लिहितो, रिकाम्या पट्ट्या एका डब्यात टाकतो आणि तपासणीला जाताना दोन्ही बरोबर नेतो.