मराठी घरात हिंदी शिकताना

मराठी कुटुंबाने हिंदी शिकायला घेतली, तर लिपी आधीच येत असते, शब्दांचा मोठा साठा ओळखीचा असतो आणि वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद यांचा क्रमही तोच असतो. त्यामुळे ऐकलेले बरेचसे समजते. अडचण नेमकी इथेच सुरू होते, कारण समजते म्हणून आपण शिकत नाही, आणि बोलण्याची वेळ आली की मराठी वाक्याला हिंदी शब्द लावून काम भागवतो. ऐकणाऱ्याला आशय कळतो, तो चुका दुरुस्त करत नाही, आणि त्याच चुका वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून परकी भाषा शिकावी तशी शून्यापासून हिंदी शिकण्याची गरज मराठी घराला नाही. मराठी आपल्याला जिथे चुकीच्या वाटेने नेते त्या मोजक्या जागा ओळखाव्यात आणि घरातल्या सर्वांनी मिळून त्यांवरच मेहनत घ्यावी, हे मला सर्वांत फलदायी वाटते.

सर्वप्रथम हिंदी कधी बोलायची हे ठरवावे. दिवसभर थोडी मराठी, थोडी हिंदी असे चालू ठेवले, तर हिंदीचा सलग सराव होत नाही. त्यापेक्षा रोजचा एकच प्रसंग हिंदीसाठी राखून ठेवावा. रात्रीचे जेवण त्यासाठी सोयीचे असते, कारण सगळे एकत्र असतात आणि बोलायला विषय आपोआप मिळतात. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्या वेळात शब्द अडला, तरी मराठीकडे वळू नये, तर ‘इसे हिंदी में क्या कहते हैं?’ असे विचारावे. हे वाक्य घरातल्या सर्वांत लहान मुलालाही पहिल्याच दिवशी शिकवावे. जेवण संपले की पुन्हा निःसंकोच मराठी. मुलांच्या वाढीचा आधार घरची भाषा असते, आणि हिंदीसाठी तिची जागा कमी करण्याचे काहीच कारण नाही.

लिंगाचा विषय सर्वांत जास्त वेळ मागतो. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोनच. आपले नपुंसकलिंगी शब्द हिंदीत कुठे जातील, याचा पक्का नियम सांगता येत नाही. घर, पाणी आणि दही हिंदीत पुल्लिंगी होतात. पुस्तक आणि नाक मात्र स्त्रीलिंगी होतात. याहून फसवे असतात ते दोन्ही भाषांत असलेले, पण लिंग बदलणारे शब्द. आपला आवाज मोठा असतो, हिंदीत ‘आवाज़ ऊँची’ असते. आपल्याला मजा आली, हिंदीत ‘मज़ा आया’. आपला चहा गरम असतो, तिथे ‘चाय ठंडी हो गई’ असे म्हणतात. आत्मा मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी आहे. मराठीत पोलीस आले, हिंदीत ‘पुलिस आई’.

यावर एकच उपाय उपयोगी पडतो. कोणतेही नाम एकटे शिकू नये, त्याच्या आधी ‘मेरा’ किंवा ‘मेरी’ लावूनच शिकावे. घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायच्या असतील, तर ‘दरवाज़ा’ आणि ‘खिड़की’ एवढेच न लिहिता ‘बड़ा दरवाज़ा’, ‘छोटी खिड़की’ असे लिहावे, म्हणजे येता-जाता लिंग डोळ्यांखालून जाईल. एक सामाईक वही ठेवावी आणि लिंग बदलणारा शब्द ज्याला सापडेल त्याने तो तिच्यात लिहावा. अशा शोधात मुले मोठ्यांच्या पुढे जातात, आणि त्यांना तशी संधी मुद्दाम द्यावी.

लिंगाशी जोडलेली आणखी एक गोष्ट भविष्यकाळात भेटते. मराठीत ‘मी करेन’ हे रूप मुलगा आणि मुलगी दोघेही वापरतात. हिंदीत मुलगा ‘मैं करूँगा’ म्हणतो आणि मुलगी ‘मैं करूँगी’ म्हणते. घरात जी व्यक्ती शिकवण्यात पुढाकार घेते तिचे रूप लहान मूल जसेच्या तसे उचलते, म्हणून आईने आणि बाबांनी आपापली वाक्ये मुलासमोर बोलावीत.

दुसरी मोठी जागा ‘ने’ची आहे. मराठीत ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ म्हणतो, पण ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणताना ‘मी’ला काहीच लागत नाही. हिंदीत ‘उसने’ असते तसेच ‘मैंने’ आणि ‘तुमने’ही असते. ‘मैं चिट्ठी लिखा’ ही चूक इथूनच येते. मात्र क्रियापद कर्माप्रमाणे बदलण्याची सवय आपल्याला जन्मापासून आहे. मी कागद फाडला, मी चिठ्ठी फाडली. मैंने काग़ज़ फाड़ा, मैंने चिट्ठी फाड़ी. कर्माला ‘ला’ लागला की मराठीत क्रियापद नपुंसकलिंगी होते, जसे ‘मी मुलीला पाहिले’, आणि तिथे हिंदीत पुल्लिंगी एकवचन येते, जसे ‘मैंने लड़की को देखा’. म्हणजे ‘ने’ घालण्याची आठवण ठेवली आणि शब्दांचे लिंग माहीत असले, की उरलेले काम मराठीचे संस्कारच करतात. एक अपवाद आवर्जून शिकावा: मराठीत ‘त्याने पुस्तक आणले’ म्हणतात, पण हिंदीत ‘लाना’ या क्रियापदाला ‘ने’ चालत नाही, ‘वह किताब लाया’ असेच म्हणतात. सरावासाठी जेवताना प्रत्येकाने दिवसभरात केलेल्या चार-पाच गोष्टी भूतकाळात सांगाव्यात. व्याकरणाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा या कथनाने ‘ने’ लवकर अंगवळणी पडतो.

आदरार्थाकडे घरोघरी दुर्लक्ष होते, आणि त्याने माणसे दुखावतात. मराठीत आईला आणि मोठ्या बहिणीला सहज ‘तू’ म्हणतात, त्यात अनादर नसतो. हिंदीतले ‘तू’ फार जवळच्या नात्यात शोभते. इतरत्र ते उद्धट वाटते. मुलांना सुरुवातीपासून मोठ्यांसाठी ‘आप’ आणि बरोबरीच्यांसाठी ‘तुम’ शिकवावे, ‘तू’ नंतर आपोआप येईल. ‘आप’बरोबर बैठिए, लीजिए, दीजिए, कीजिए ही रूपे यायला हवीत, ‘आप बैठो’ हे बोलण्यात ऐकू येत असले, तरी प्रमाण हिंदीत बसत नाही. स्त्रीबद्दल आदराने बोलताना भूतकाळात अनुस्वारही येतो, ‘दादी आईं’. मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा सुंदर भेद हिंदीत मिळत नाही, दोन्हींसाठी ‘हम’च असते, हेही मुलांना समजावून सांगावे, नाहीतर ती ‘आपण’च्या जागी ‘आप’ म्हणतात.

नात्यांची नावे आधी स्पष्ट करावीत. हिंदीत ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील, ‘नाना’ म्हणजे आईचे वडील आणि ‘ताई’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लहान मुलांना हा गोंधळ फार आवडतो, आणि त्यातूनच दोन्हीकडची नाती पाठ होतात. अर्थ बदलणारे इतर शब्द येतील तसे वहीत नोंदवावेत. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘अभ्यास’ म्हणजे सराव, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘आपत्ति’ म्हणजे बहुतेक वेळा हरकत. सर्वांत जास्त घोटाळा ‘ही’ करतो. मराठीत ‘मीही येतो’ म्हणजे ‘मैं भी आता हूँ’. हिंदीतील ‘मैं ही’ म्हणजे आपले ‘मीच’.

उच्चारांत ‘ऐ’ आणि ‘औ’ आधी सुधारावेत. आपण पैसा हा शब्द ‘पइसा’सारखा उच्चारतो, प्रमाण हिंदीत है, मैं, पैसा यांतील ‘ऐ’ आपल्या ‘बॅट’मधील स्वराजवळ जातो, आणि और, कौन यांतील ‘औ’ आपल्या ‘ऑ’जवळ. चोर, चाकू, जादू यांतील च आणि ज आपण दातांजवळून उच्चारतो. हिंदीत ते ‘चार’ आणि ‘जेवण’ यांतील च-जसारखे तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून उच्चारलेले, असतात. मात्र ज़मीन, ज़रा या शब्दांतील नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, असलेला ‘ज़’ आपल्या दातांजवळच्या ‘ज’च्या बराच जवळ आहे, तो आपल्याला लवकर साधतो. ‘ज्ञ’ हिंदीत ‘ग्य’सारखा आणि ‘ऋ’ ‘रि’सारखा ऐकू येतो, त्यामुळे कृपा ‘क्रिपा’ होते. ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाही. नाकातून येणारा स्वर आपण गाळतो, आणि त्याने अर्थच बदलतो: ‘वह है’ एकवचन, ‘वे हैं’ अनेकवचन.

वाचनासाठी वेगळी तयारी लागत नाही. मुलाचे मराठी वाचन स्थिर झाले, की ड़, ढ़, नुक्ता आणि चंद्रबिंदू (ँ) एवढे दाखवून त्याच्या हाती सोपी हिंदी गोष्ट द्यावी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत संकेतस्थळावर अनेक बालकथा मराठीत आणि हिंदीत दोन्हींत उपलब्ध आहेत. एकाने मराठी पान मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने तेच पान हिंदीत, आणि मग वाक्ये कुठे वेगळी पडली ते सर्वांनी मिळून पाहावे. शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची पहिली-दुसरीची हिंदी पुस्तके मोफत उतरवून घेता येतात आणि मोठ्यांनाही ती कमीपणाची वाटू नयेत. भोपाळच्या एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ हे १९८५पासून निघणारे मासिक थोड्या मोठ्या मुलांसाठी चांगले आहे. ऐकण्यासाठी आकाशवाणीच्या हिंदी बातम्या मी आधी सुचवेन, कारण वाक्ये पूर्ण असतात आणि उच्चार स्वच्छ. चित्रपटांची हिंदी त्यानंतर ऐकावी.

लेखनात दोन सवयी बदलाव्या लागतात. आपण कवी, शक्ती, गुरू असे शेवटचे अक्षर दीर्घ लिहितो. हिंदीत तत्सम शब्द कवि, शक्ति, गुरु असे ऱ्हस्वच राहतात. आपण प्रत्यय नामाला जोडतो. हिंदीत ‘राम ने’, ‘घर में’ असे सुटे लिहितात आणि सर्वनामाला मात्र जोडतात, ‘उसने’. ‘गए’ लिहावे की ‘गये’, असा प्रश्न पडला, तर १९६०मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय हिंदी निदेशालयाची मानक वर्तनी (प्रमाण लेखनाचे नियम) पाहावी; ती ‘गए’, ‘नई’ हीच रूपे मान्य करते.

संख्या घरच्या खेळांतून शिकाव्यात. दीड, अडीच, साडेतीन यांची ‘डेढ़, ढाई, साढ़े तीन’ ही रूपे सोपी आहेत. एकोणतीस, एकोणचाळीस यांच्या जागी ‘उनतीस’, ‘उनतालीस’ येतात, पण एकोणनव्वदला ‘नवासी’ म्हणतात आणि तिथे सगळे अडखळतात. फाशांच्या खेळात गुण हिंदीत मोजले, की ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

चूक कशी सुधारावी, यावर घरातले वातावरण अवलंबून असते. बोलणाऱ्याला मध्येच थांबवू नये. मुलगा ‘मैं किताब पढ़ा’ म्हणाला, तर ‘अच्छा, तुमने किताब पढ़ी? कौन-सी?’ असे विचारावे. योग्य रूप त्याच्या कानावर जाते आणि गप्पाही तुटत नाहीत. आजी-आजोबा बोलायला बिचकत असतील, तर त्यांना प्रश्न विचारण्याचे काम द्यावे, कारण प्रश्नाची वाक्ये लहान असतात आणि उत्तर ऐकताना सराव होतो.

काही महिन्यांनी एखादे उद्दिष्ट हवेसे वाटले, तर वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती, जिची स्थापना १९३६मध्ये झाली, आणि पुण्याची महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा या संस्था टप्प्याटप्प्याच्या परीक्षा घेतात. आई आणि मुलगी एकाच परीक्षेला बसल्या, तर दोघींची तयारी एका वहीत होते. परीक्षा नको असेल, तर हिंदी मातृभाषा असलेल्या परिचितांना महिन्यातून एकदा घरी बोलवावे आणि ‘हमारी ग़लतियाँ ज़रूर बताइएगा’ अशी विनंती गप्पांच्या आधीच करावी, कारण आपणहून चूक दाखवायला पाहुणे संकोचतात.