झेडपी, महापालिका की प्रायव्हेट? पोराची शाळा ठरवायच्या आधी एवढं बघून घ्या

डिसेंबर लागला की कोल्हापुरात जिकडं बघावं तिकडं एकच विषय, पोराला कुठं घालायचं. ऑफिसात तेच, मिसळीच्या टेबलावर तेच, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात तर विचारूच नका. आणि उत्तर बहुतेक ठरलेलंच असतं, शेजारच्यांचा बंड्या जिथं जातो तिथं. मला विचाराल तर प्रायव्हेट की सरकारी या प्रश्नात फार अडकू नका, घरापासून जाता येईल अशा चार-पाच शाळा काढा आणि दोनच गोष्टी बघा, पहिली-दुसरीला तिथं कोण शिकवतंय, आणि तो खर्च दहावीपर्यंत आपल्याला झेपणार का. बाकी सगळं नंतर.

आधी प्रकार समजून घ्या कारण इथंच निम्म्या लोकांचा घोळ होतो. जिल्हा परिषदेची शाळा (आपल्याकडच्या गावागावातली विद्यामंदिरं) आणि शहरात महापालिकेची शाळा, या पूर्ण सरकारी. तिथं आठवीपर्यंत फी नाही, बालभारतीची पुस्तकं फुकट, गणवेश, दुपारी पोषण आहार. दुसऱ्या अनुदानित, म्हणजे संस्था खाजगी पण शिक्षकांचा पगार सरकारचा, पेठांमधल्या जुन्या मराठी शाळा बऱ्याचशा यात येतात, पुस्तकं आणि आहार तिथंही आठवीपर्यंत मिळतो आणि खर्च आवाक्यातला असतो. तिसऱ्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे पगारापासून बसपर्यंत सगळं तुमच्या फीवर. इंग्लिश मीडियम, सीबीएसई वगैरे बहुतेक यातल्या. आपल्याकडं लोक पहिली आणि तिसरी एवढीच बघतात आणि मधल्या अनुदानित शाळा कुणाच्या डोक्यातच येत नाहीत, आणि मध्यमवर्गीय घराला खरं तर तीच सगळ्यात सोयीची पडते बऱ्याचदा.

आता शाळा बघायला जायचं ते कसं. ओपन डे, अॅन्युअल गॅदरिंग, दारात फुगे लावलेला दिवस, असं काही नको. साधा मंगळवार-बुधवार धरा, अकराच्या सुमारास जा, हेडमास्तरांना भेटा आणि म्हणा पहिलीचा वर्ग दहा मिनिटं बघू दे की. सरकारी शाळेत बहुतेक ठिकाणी आनंदानं बघू देतात. प्रायव्हेटमध्ये रिसेप्शनवरच्या मॅडम 'पॉलिसी नाही' म्हणतील, मग निदान सुट्टीच्या वेळात तरी जा आणि पोरांच्या वह्या बघायला मागा. वहीसुद्धा दाखवत नसतील तर मी तरी पुढं जाणार नाही.

वही कशी वाचायची सांगतो. एका शाळेत (नाव नको) दुसरीच्या पाच-सहा पोरांच्या वह्या ओळीनं बघितल्या, सगळ्यांच्या वहीत 'माय बेस्ट फ्रेंड' असा निबंध, आणि सगळ्यांच्या बेस्ट फ्रेंडचं नाव रोहन. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही, खाली लाल पेनात व्हेरी गुड आणि एक स्टार. त्यातल्याच एका पोरीला म्हटलं, बाळ यातली ही ओळ वाच, तिनं वाचली फडाफड, मग विचारलं म्हणजे काय गं, तर बघत बसली. आता उलटं, महापालिकेच्या एका शाळेत बाई सतरंजीवर पोरांच्यात बसलेल्या, मधे चिंचोक्यांचा ढीग, एक पोरगं दहा-दहाचे गठ्ठे करतंय आणि दुसरं त्याच्यावर ओरडतंय की एक कमी आहे, आणि बाई गप्प बसून बघतायत, त्यांचं त्यांनाच सापडू देतायत. त्या वर्गातल्या वह्या गचाळ होत्या, खोडून खोडून कागद फाटलेला, पण प्रत्येकाच्या वहीत वेगळं होतं काहीतरी. मला गचाळ वही चालते. लिहिलेलं चुकलंय, बाईंनी खाली दुरुस्त करून दिलंय आणि पुढच्या पानावर तेच पोरानं बरोबर लिहिलंय, असं दिसलं की समजायचं इथं शिकवतात.

लगेच 'म्हणजे सरकारी चांगली' असं म्हणू नका. सरकारी शाळेतही कपाळाला हात लावायची वेळ येते. नवीन शिक्षक डीएड झालेला, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दिलेला, पवित्र या सरकारी भरती पोर्टलवरनं आलेला असतो, शिक्षणाच्या बाबतीत शंका नाही, पण तो वर्गात असतो किती हे विचारा. निवडणूक आली की बीएलओ म्हणजे मतदार यादीचं काम, सर्वेक्षण आलं की सर्वेक्षण, वर ऑनलाइन माहिती भरा ती वेगळीच. छोट्या वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग, म्हणजे एका वेळी दोन वर्ग एकाच खोलीत, आणि त्यात एकाची बदली झाली की झालं. म्हणून पहिला प्रश्न, मंजूर शिक्षक किती आणि आज हजर किती. कायद्यानं पहिली ते पाचवी ३० मुलांमागं एक शिक्षक पाहिजे आणि सहावी ते आठवी ३५ मागं एक. दुसरा प्रश्न, शाळा व्यवस्थापन समितीची मागची मीटिंग कधी झाली. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. समिती जिवंत असेल तर शाळा जिवंत असते, हे मी बऱ्याच गावात बघितलंय. नुसत्या सह्या गोळा केलेल्या असतील तर तेही हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर कळतं.

प्रायव्हेटमध्ये दुखणं वेगळं. शिक्षकांचा पगार बेताचा, त्यामुळं मिस टिकत नाहीत, दिवाळीनंतर नवीन मिस, उन्हाळ्यानंतर आणखी नवीन. म्हणून तिथं विचारायचं की केजीच्या आणि पहिलीच्या टीचर इथं किती वर्षं आहेत. एसी, स्मार्ट बोर्ड, हॉर्स रायडिंग यातलं काही विचारू नका, ते न विचारता सांगतातच.

मान्यता तपासणं हे कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) असतो, तो मागा आणि यू-डायसच्या साईटवर टाकून बघा, शाळा कितवीपर्यंत आहे, शिक्षक किती, पट किती सगळं दिसतं. 'सीबीएसई पॅटर्न' असा फ्लेक्स बघितला तर सावध व्हा, पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे, सीबीएसईचा अॅफिलिएशन नंबर मागा आणि बोर्डाच्या साईटवर तो त्याच पत्त्यावर आहे का बघा. दोन गाळे भाड्यानं घेऊन वर इंटरनॅशनल लिहिलेल्या शाळा उपनगरात कमी नाहीत. माझ्या मते पालकांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, भारी शाळेत नाही आणि सरकारीतही नाही, तर या स्वस्तातल्या इंग्लिश मीडियममध्ये, जिथं शिकवणाऱ्यालाच इंग्रजी बोलताना घाम फुटतो आणि पोराचं मराठीही कच्चं राहतं. शंका आली तर झेडपीत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात किंवा महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीत जाऊन विचारा, मान्यता आहे का नाही ते सांगतात.

इंग्लिश मीडियमचं म्हणाल तर घरात बघा. संध्याकाळी पोराजवळ बसून इंग्रजीतलं परिसर अभ्यास समजावणारं कोणी आहे का? आज्जी-आजोबांकडं पोरगं राहणार असेल आणि आईबाप दोघं शिरोली एमआयडीसीत शिफ्टला, तर तो अभ्यास शेवटी ट्यूशनवाल्या ताईंकडं जाणार, म्हणजे फी डबल. अशा घराला सेमी इंग्लिश बरं, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत, आणि हे आता महापालिकेच्या आणि झेडपीच्या पण कितीतरी शाळांत आहे. घरात दोघांनाही इंग्रजी येतं, नोकरी बदलीची आहे, उद्या पुणे-बेंगलोरला जावं लागेल असं असेल तर मात्र सीबीएसई घ्या, तिथं उगीच भावनिक व्हायचं कारण नाही.

आता पैसे. नुसती फी बघू नका, एक उदाहरण म्हणून धरू, फी ४०,०००, रिक्षावाल्या मामांचे महिन्याला १,२०० म्हणजे दहा महिन्यांचे १२,०००, पुस्तकं-ड्रेस-बूट-प्रोजेक्ट-ट्रिप मिळून ८,०००. झाले वर्षाला ६०,०००. पहिली ते दहावी ६ लाख, आणि हे फी एक रुपया न वाढता बरं का, दुसरं पोरगं असेल तर १२. हा आकडा कागदावर लिहून नवराबायकोनं समोरासमोर बसून बघायचा. झेपत असेल तर बिनधास्त घाला. ओढाताण करून सहावीत शाळा बदलायची वेळ येणार असेल तर त्यापेक्षा पहिल्यापासूनच झेपेल ती शाळा धरा, पोराला मधेच मित्र तुटल्याचा लई त्रास होतो.

राज्याचा फी नियंत्रण कायदा २०११ चा आहे, त्यात फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं तीच. डोनेशन मागितलं तर शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि प्रवेशासाठी पोराची किंवा आईबापाची मुलाखत घेणं पण बेकायदा. हे सगळं माहीत असून लोक पावती न घेता देतात ती गोष्ट वेगळी. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला एक रुपया दंड लावला, तिथं आता बाप दंड भरल्यासारखा केजीची फी भरतोय, असो.

आरटीईचे (म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे) २५ टक्के विसरू नका, कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत एन्ट्री लेव्हलच्या, म्हणजे शाळा जिथनं सुरू होते त्या वर्गाच्या, २५ टक्के जागा यातनं बिनफीच्या भरतात. एससी, एसटी, भटके विमुक्त, ओबीसी वगैरे वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना वर्षाला १ लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला. ऑनलाइन अर्जात दहा शाळा निवडता येतात, जवळ राहणाऱ्यांना आधी, आणि मॅपवर घराचं लोकेशन नीट टाका कारण तिथंच अर्ज बाद होतात. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृतच लागतो, साधा नोटरीचा चालत नाही. २०२४ ला सरकारनं नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेला यातनं सूट दिली होती, ती हायकोर्टानं जुलै २०२४ ला रद्द केली, त्यामुळं 'आता आरटीई बंद झालंय' असं कोण सांगत असेल तर ऐकू नका. फक्त एक, ही सवलत आठवीपर्यंतच आहे, नववीला पूर्ण फी समोर येते, त्याची तयारी आत्तापासून ठेवा.

अंतराचं आपल्याकडं वेगळं गणित आहे. उन्हाळ्यात जाऊन रस्ता बघितला की सगळंच जवळ वाटतं. जुलैत पंचगंगा चढली, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की शिये-बावडा रस्ता, चिखली-आंबेवाडीकडचा रस्ता यांचं काय होतं ते २०१९ आणि २०२१ ला आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि शहरात व्हीनस कॉर्नरला पाणी यायला महापूरच लागतो असं नाही. नदीच्या पलीकडची शाळा घेणार असाल तर पाऊस वाढल्यावर पोराला आणायला कोण जाणार हे आधी ठरवा. सहा वर्षांच्या पोराला रिक्षात एका वेळी तास काढायला लावण्यापेक्षा चालत जाता येईल अशी साधी शाळा मला कधीही बरी वाटते, दुपारी खेळायला वेळ तरी राहतो.

झेडपीची शाळा घेताना ती कितवीपर्यंत आहे ते विचारा. काही चौथीला संपतात, काही सातवीला, मग हायस्कूल शोधायचं. हायस्कूलला पाचवीत प्रवेश मिळतो, त्यामुळं शाळा बदलायचीच तर चौथीनंतर बदलणं सोपं. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता पास व्हावी लागते, पुनर्परीक्षेतही नाही जमलं तर त्याच वर्गात बसवतात, तेव्हा पाचवीच्या मधे शाळा बदलायचा उद्योग नको. आणि गावाकडची चांगली विद्यामंदिर शाळा शिष्यवृत्ती आणि नवोदयची (केंद्र सरकारची निवासी शाळा) तयारी जादा तास घेऊन करून घेते, फुकट. कागलच्या नवोदयला सहावीला प्रवेश असतो आणि ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या पोरांना, हे शहरात राहायला यायची घाई करणाऱ्यांनी एकदा डोक्यात घ्या.

वेळापत्रक असं की प्रायव्हेटवाले डिसेंबर-जानेवारीतच फॉर्म काढतात आणि घाई करतात, 'सीट्स लिमिटेड' वगैरे. महापालिका आणि झेडपीची पटनोंदणी गुढीपाडव्याला. जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत तर पाडव्याच्या प्रवेशासाठी लोक आदल्या रात्रीपासून रांग लावतात, तिथं जायचं असेल तर त्याच तयारीनं जा. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत वयाची ६ वर्षं पूर्ण पाहिजेत, वय कमी असेल तर खोटा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका, वर्षभर बालवाडीत खेळू दे त्याला.

प्रवेश घेताना नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात हे जन्मदाखला, आधार आणि जातीच्या दाखल्यावर जसं आहे अगदी तसंच शाळेच्या जनरल रजिस्टरला चढलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, क्लार्कनं 'झालं' म्हटलं म्हणून निघू नका. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर दोनदा बघा. पहिलीत ही दुरुस्ती एका अर्जावर होते, दहावीच्या सर्टिफिकेटवर गेली की बोर्डाच्या ऑफिसात हेलपाटे.