बेळगावात नवीन आलात? माणसं बोलवा संध्याकाळी साडेचारला

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे बिऱ्हाड हललं की महिना-दोन महिन्यांत शेजारी आणि ऑफिसातली माणसं घरी बोलवायची वेळ येतेच. पुण्या-मुंबईकडून येणारे सवयीने रात्री साडेआठचं जेवण ठरवतात. ते इथे करू नका. साडेचारला बोलवा आणि गिरमिट (मसाल्यात कालवलेले चुरमुरे), मिरची भजी, कुंदा (इथली दुधाची मिठाई), चहा एवढंच ठेवा.

वेळेचं कारण साधं आहे. या भागात जैन घरं पुष्कळ, आणि त्यातली बरीच मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या. म्हणजे हिवाळ्यात साडेपाचपर्यंत खाणं उरकलं पाहिजे. आठला बोलावलेला जैन शेजारी तुमच्या मानासाठी येईल, पण नुसता बसून राहील, आणि ते तुम्हालाच खुपेल.

सगळा बेत शाकाहारीच असू द्या. लिंगायत आणि जैन पाहुणे असताना एका टेबलावर मटण ठेवलं तर अर्धी माणसं अवघडतात. मटणाचा बेत वेगळ्या दिवशी, ते खाणाऱ्यांसाठी करा. श्रावणात तोही नको. वाढदिवस असेल तर केक अंड्याशिवायचाच सांगा. सोमवार टाळलेला बरा, अनेकांचा उपवास असतो. आणि बेळगाव शहरात 1 नोव्हेंबरला काहीही ठरवू नका. त्या दिवशी कन्नड राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि मराठी भाषकांचा काळा दिन दोन्ही असतात, रस्ते अडतात आणि मनंही ताणलेली असतात.

आता गिरमिट. पंधरा माणसांना अर्धा किलो चुरमुरे, सहा कांदे, तीन टोमॅटो, दहा-बारा हिरव्या मिरच्या, लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ, वाटीभर तेल आणि दीड वाटी डाळ्याचं पीठ. डाळं इथल्या दुकानात पुटाणी म्हणून मागा. मोहरी, जिरं, कढीपत्त्याची फोडणी करून मिरची, हळद, टोमॅटो परता, चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत आटवा. यातला पाव भाग आधीच बाजूला काढा. तो कांदा न खाणाऱ्यांचा, त्याचा चमचाही वेगळा. उरलेल्यासाठी कांदा दुसऱ्या कढईत परतून मग मिसळा.

गिरमिट बिघडतं ते दोन ठिकाणी. मसाल्यात पाणी राहिलं की चुरमुऱ्यांचा लगदा होतो, म्हणून टोमॅटो तीनच. आणि पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट की पिशवी फोडल्यावर तासाभरात चुरमुरे वातड होतात. ते कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवून घ्या, मुठीत दाबल्यावर कुरकुरले पाहिजेत. मसाला कोमट झाल्यावर आधी चुरमुरे, मग पीठ, म्हणजे उरलेला ओलावा पीठ ओढून घेतं. हे कालवायचं पाहुणे बसल्यावरच, आणि एका वेळी पाच ताटल्यांपुरतं. वरून बारीक शेव, कोथिंबीर. कच्चा कांदा वेगळ्या वाटीत.

भजीला लांब, कमी तिखट मिरच्या घ्या, माणशी दोन. उभी चीर देऊन आत मीठ, ओवा, जिरं एकत्र कुटून भरा. बेसन मिरचीला चिकटून राहील इतकं घट्ट हवं. सोडा चिमूटभरच, जास्त झाला की भजी तेल पिते. चार वाजता सगळ्या फिकट रंगावर तळून ठेवा, पाहुणे आले की पुन्हा दोन मिनिटं कडक तेलात सोडा. मग यजमानीणबाईंना तासभर गॅसपाशी उभं राहावं लागत नाही, आणि घरी माणसं बोलवायची ती त्यांच्यात बसायला मिळावं म्हणूनच ना.

कुंदा विकतच आणा, माणशी पन्नास ग्रॅम. फ्रिजमध्ये तो दगड होतो; तासभर आधी बाहेर काढा.

नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते घरमालकांना विचारून दिवस ठरवा, आदल्या रात्री एक पिंप जादा भरून ठेवा. गल्ली अरुंद असेल तर दुचाक्या कुठे लावायच्या ते बोलावतानाच सांगा.

भाषेची काळजी नको, बहुतेकांना दोन-तीन भाषा येतात. तरी दारात कानडी पाहुण्याला "बर्री, कुंद्री" म्हणा, या, बसा; चेहरा कसा खुलतो ते बघा. "साकु" म्हणजे पुरे. ते ऐकल्यावर एकदाच आग्रह करा, दुसऱ्यांदा नको. मराठी पाहुण्यांशी मराठीत रंगलात तर मधूनमधून कानडी पाहुण्यांकडे वळून हिंदीत का होईना विचारपूस करा. सीमाप्रश्न कोणी काढलाच तर चहाचा दुसरा फेरा आणा.

नव्या घरी शेजारणीने आधी काही पाठवलं असेल, तर तिचा डबा याच दिवशी परत जाऊ द्या, आणि रिकामा नको. गिरमिट भरू नका, घरी पोचेपर्यंत मऊ पडतं. वाटीभर कुंदा घाला.