तक्रार खरी असूनही का अडकते? ग्राहकांनो, या चुका टाळा

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात माझ्यासमोर बसणारी बहुतेक माणसं खरं बोलत असतात. वस्तू खराब निघालेली असते, पैसे अडकलेले असतात, राग अगदी रास्त असतो. पण पिशवीतले कागद टेबलावर आले की पोटात गोळा येतो. बिल नाही, लेखी तक्रार नाही, मुदत टळत आलेली, आणि वर कंपनीच्या कागदावर यांचीच सही: 'काम समाधानकारक'. अशा वेळी खरेपणा असूनही उपयोग होत नाही. म्हणून त्याच त्या चुका इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

दोष कायम असताना सही देणं, ओटीपी सांगणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे आणि ती सगळ्यांत सहज होते. सर्व्हिसचा माणूस घरी येतो, काहीतरी खटपट करतो आणि म्हणतो, "ताई, ओटीपी आला असेल तो सांगा, कॉल क्लोज करायचाय." आपण सांगून टाकतो. त्या क्षणी कंपनीच्या नोंदीत आपली तक्रार सुटलेली असते. पुढे ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निकाल देणाऱ्या न्यायालयासारख्या यंत्रणेसमोर, कंपनी तोच कागद दाखवते: प्रत्येक वेळी दुरुस्ती करून दिली, ग्राहकाने समाधान नोंदवलं.

साताऱ्याकडच्या एका बाईंचं प्रकरण सांगतो. घरी ब्लाउज शिवून संसार चालवणाऱ्या. बचत गटाचं कर्ज काढून त्यांनी कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं. पहिल्या महिन्यापासून धागा तुटायला लागला. ब्लाउजच्या गळ्याचं वर्क अर्ध्यावर आलं की मशीन थांबायचं आणि परत सुरू केलं की नक्षी बाजूला सरकायची. टेक्निशियन यायचा, टेन्शन (धाग्याचा ताण) सेट करायचा, हुकचं टायमिंग बघायचा, रिकाम्या कापडावर एक फूल काढून दाखवायचा आणि सही घ्यायचा. जॉबशीटवर इंग्रजीत 'टेन्शन ॲडजस्टेड, मशीन ओके'. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यातून तो पोरगा गयावया करायचा की कॉल बंद झाल्याशिवाय मला पुढचा कॉल मिळत नाही. त्याचंही खरंच होतं, त्याला पैसे कॉलवर मिळतात. पण त्याच्या पोटापाण्यासाठी आपण आपला पुरावा मोडायचा, हे मला मान्य नाही.

आमच्याकडे त्या आल्या तेव्हा अशा जॉबशीटची चळतच सोबत होती. सगळ्यांवर सह्या, सगळीकडे 'ओके'. एकाच गुलाबी कार्बन कॉपीवर, 'कस्टमर रिमार्क'च्या बारक्या चौकटीत, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने बॉलपेनने लिहिलं होतं: 'धागा अजून तुटतो. गेल्यावर दहा मिनिटांत परत तुटला.' खाली तारीख. पुढे विरुद्ध पक्षाचे वकील 'समाधानी ग्राहक' हा मुद्दा घेऊन उभे राहिले तेव्हा तीच एक ओळ कामाला आली. मशीन कंपनीला परत आणि पैसे बाईंना परत, असा आदेश झाला. ती ओळ नसती तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

या प्रकरणात कंपनीने आणखी एक मुद्दा काढला होता: मशीन व्यवसायासाठी घेतलं, म्हणजे या बाई 'ग्राहक' नाहीतच. हा मुद्दा हमखास येतो. कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळलेली आहे, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. मात्र हे तक्रार अर्जातच लिहावं लागतं. शिलाई मशीन, रिक्षा, झेरॉक्स मशीन, पिठाची गिरणी, काहीही असो, 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतले' हे वाक्य पहिल्याच पानावर हवं.

माझी सवय अशी: दोष कायम असेल तर ओटीपी नाही, सही नाही. सही करावीच लागली तर सहीच्या वर आपल्या भाषेत 'दोष कायम आहे', तारीख आणि वेळ. लगेच त्या कागदाचा फोटो. दोषाचा व्हिडिओ टेक्निशियन समोर असतानाच काढायचा. आणि त्याच संध्याकाळी कंपनीला दोन ओळींचा ईमेल.

'साहेब बघतो म्हणाले' यावर दोन वर्षं घालवणं

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, 2019 च्या कायद्याचं कलम 69. लोकांना हे माहीत नसतं असं नाही. त्यांचा गैरसमज वेगळाच असतो. त्यांना वाटतं की दर महिन्याला फोन केला, स्मरणपत्र पाठवलं, वकिलाची नोटीस दिली की मुदत नव्याने सुरू होते. तसं होत नाही. आपण पाठवलेल्या पत्रांनी मुदत वाढत नाही.

दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. "दिवाळी होऊ द्या", "मार्च एंड आहे", "कंपनीचा एरिया मॅनेजर बदललाय" असं गोड बोलत वर्ष कसं जातं कळत नाही. मशीनवाल्या बाईंची तक्रारही मुदत संपल्यावरच दाखल झाली. मधल्या काळात नवरा रुग्णालयात होता, त्याचे दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंतचे कागद होते, म्हणून विलंब माफीचा अर्ज मंजूर झाला. सबळ कारण लेखी दाखवता आलं तर आयोग उशीर माफ करू शकतो. पण तो आयोगाचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. नुसतं 'दुकानदाराने आश्वासन दिलं म्हणून थांबलो' एवढ्या कारणावर मी तरी कुणाला भरवसा देणार नाही.

गोष्ट फोनवर असेल तर ती घडलीच नाही असं धरून चाला. कॉल सेंटरशी बोललात, तर फोन ठेवल्यावर लगेच ईमेल: 'आज अमुक वाजता बोलणं झालं, तक्रार क्रमांक अमुक, सात दिवसांत माणूस पाठवण्याचं सांगितलं.' त्यांनी उत्तर नाही दिलं तरी आपला कागद तयार झाला. मी लोकांना वहीच्या पहिल्या पानावर एकच तारीख लिहायला लावतो, दोष पहिल्यांदा दिसला ती. आणि त्यापुढे एक वर्षानंतरची तारीख. तोपर्यंत प्रश्न सुटला नसेल तर चर्चा बंद, अर्ज लिहायला घ्यायचा.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं

कृपा करून हे करू नका. शोधात वर येणारे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. रिफंडसाठी म्हणून एखादं ॲप टाकायला लावतात, तुमच्या मोबाइलची स्क्रीन त्यांना दिसायला लागते आणि खातं रिकामं होतं. दोन हजाराच्या रिफंडसाठी आयुष्याची पुंजी गमावलेली माणसं मी बघितली आहेत. नंबर घ्यायचा तो बिलावरचा, खोक्यावरचा, कार्डाच्या मागचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला. रिफंड मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलाच असाल तर आधी 1930 ला फोन, मग बँकेला. पहिला तास फार मोलाचा असतो.

चुकीचं दार ठोठावणं

1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं, आणि कंपनी त्यांच्याशी जोडलेली असेल तर कितीतरी प्रश्न तिथेच सुटतात. मी स्वतः सगळ्यांना आधी तिथेच पाठवतो. पण हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही, दंड करू शकत नाही. कंपनीने 'आमच्या धोरणात बसत नाही' असं उत्तर दिलं की तिकडे तक्रार बंद होते आणि लोक म्हणतात, सरकारनेही हात वर केले. हात वर केले नाहीत, ते दार तेवढ्यासाठीच आहे. ते उत्तर छापून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

बँकेची तक्रार थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकली तर ती परत येते. आधी बँकेला लेखी द्यायचं आणि 30 दिवस थांबायचं. तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही, म्हणून 'दोन्हीकडे टाकून बघू' ही हुशारी अंगलट येते. विम्याचा दावा नाकारला असेल तर विमा लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. विमा कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. बिल्डरने ताबा लांबवला तर महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. विजेच्या बिलाचा वाद असेल तर वीज कंपनीचाच ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल. ऑनलाइन खरेदी असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर असलंच पाहिजे. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हे त्याच्यावर बंधनकारक आहे. चॅटबॉटशी भांडत बसण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याला ईमेल करा.

काय हवंय तेच न सांगणं

चार पानांची तक्रार असते. दुकानदाराचा उर्मटपणा, आपलं ब्लड प्रेशर, मुलीच्या लग्नात झालेली गैरसोय, सगळं असतं. मागणी कुठेच नसते. वाचणाऱ्याला कळायला हवं की तुम्हाला वस्तू बदलून हवी, दुरुस्ती हवी की पैसे परत हवेत. रक्कम किती, किती दिवसांत. मी शेवटचा परिच्छेद आधी लिहायला लावतो.

दुसरं टोक म्हणजे चार हजारांच्या मिक्सरसाठी 25 लाखांची नुकसानभरपाई. कुणीतरी सांगितलेलं असतं की जास्त मागा म्हणजे कंपनी घाबरते. कंपनी घाबरत नाही. तुमच्या खऱ्या मागणीचं वजन मात्र कमी होतं. आणि आता कोणत्या आयोगात जायचं ते तुम्ही दिलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कच नाही, आणि वकील सक्तीचा नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणारे तयार मसुदे तर मुळीच वापरू नका. लोक अजून 1986 च्या कायद्याचं कलम 12 लिहून आणतात. 20 जुलै 2020 पासून 2019 चा कायदा लागू आहे, तक्रार कलम 35 खाली होते. 'मसुदा द्या, नाव बदलून टाकतो' म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. तुमच्या तारखा तुम्हीच लिहायच्या.

आणखी काही, थोडक्यात

बिल मागायची लाज वाटून घेऊ नका. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पांढरं होतं. घरी आल्यावर त्याचा फोटो आणि झेरॉक्स काढा.

'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या व्हाउचरवर अर्धी रक्कम घेऊन सही करू नका. करावीच लागली तर 'हरकत राखून' असं लिहा आणि त्याच दिवशी लेखी हरकत पाठवा.

ऑनलाइन मागवलेली वस्तू उघडताना व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसेल असा.

सोशल मीडियावर लिहायला हरकत नाही, पण शिवीगाळ नको. तेच पान उद्या तुमच्याविरुद्ध आयोगात येईल. शिवाय कंपनीने 'डीएम करा' (खासगी मेसेज पाठवा) म्हटल्यावर जे ठरेल ते ईमेलवर लेखी मागा.

कंपनी दूरच्या शहरात आहे म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते.

दाखल केलं की झालं, असं समजणं

तक्रार दाखल झाली की लोक निर्धास्त होतात. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच. प्रत्यक्षात सदस्यांच्या रिक्त जागा आणि तारखांमुळे वेळ जातो, आणि त्याचा मला मनापासून संताप आहे. पण तारखेला न जाणं हा त्यावरचा उपाय नाही. गैरहजर राहिलात तर तक्रार निकाली निघू शकते. विरुद्ध पक्षाच्या मुदतीवरही तुमचं लक्ष हवं. नोटीस मिळाल्यापासून लेखी कैफियतीसाठी, म्हणजे त्यांच्या लेखी उत्तरासाठी, 30 दिवस, फार तर आणखी 15. यापुढे वाढ देता येत नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे. उशिरा आलेल्या कैफियतीला तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या.

आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पैसे आपोआप येत नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत लगेच घ्या. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपिलासाठी 45 दिवस असतात आणि अपील करताना कंपनीला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही, पैसेही नाहीत, अशी वेळ आली तर नवी तक्रार नको. त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. कलम 71 खाली वसुली, कलम 72 खाली शिक्षा: एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 25 हजारांचा दंड, किंवा दोन्ही. दरखास्तीसोबत आदेशाची प्रत, कंपनीला ती पोचल्याची पोच आणि तुमच्या बँक खात्याचा तपशील जोडा. मशीनवाल्या बाईंचे पैसेही दरखास्त दाखल झाल्यावरच खात्यात जमा झाले.