पात्राला काहीतरी कमी हवं: ऑनलाइन गेममध्ये मनापासून आरपी कसं करायचं

ओवी साठीच्या पुढची आहे. बंदराच्या धक्क्यावर एका पालथ्या पेटीवर बसून ती लोकांना पत्रं लिहून देते. डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, म्हणून कागद नाकाजवळ धरते. तिला तलवार चालवता येत नाही, जादू येत नाही, आणि सहा वर्षांत तिची लेव्हल 9 च्या वर गेलेली नाही. ओवी म्हणजे आमच्या फँटसी सर्व्हरवरचं माझं कॅरेक्टर. नवीन आलेले खेळाडू धक्क्यावर थांबून मला एकच प्रश्न विचारतात: आरपी सुरू कसं करायचं? आजवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगत आले, ते इथे एकदा सलग लिहिते.

आधी चार शब्द. आरपी म्हणजे रोलप्ले, पात्राच्या जागी स्वतःला ठेवून बोलणं, वागणं, निर्णय घेणं. परकायाप्रवेश हा आपला जुना शब्द त्याला चपखल बसतो. आयसी म्हणजे पात्र बोलतंय, ओओसी म्हणजे खेळाडू बोलतोय. ओओसी मजकूर बहुतेक ठिकाणी दुहेरी कंसात टाकतात. इमोट म्हणजे चॅटमध्ये आधी 'स्लॅश मी' (/me) देऊन लिहिलेली पात्राची कृती. एवढ्यावर पहिला आठवडा निघतो.

जागा शोधा

एमएमओआरपीजी, म्हणजे हजारो लोकांनी एकाच जगात ऑनलाइन खेळायचे गेम, या नावात आरपी आहे, पण त्यातले बरेच खेळाडू आयुष्यात एकदाही आरपी करत नाहीत. त्यांच्यासाठी ती दोन अक्षरं म्हणजे लेव्हल, लूट आणि हिट पॉइंट. 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्ले गेम आला तेव्हा गोष्ट आणि आकडे एकाच टेबलावर होते. कॉम्प्युटरला आकडे सांभाळणं सोपं गेलं. गोष्ट सांभाळायला माणूसच लागतो. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात 'मड' हा अनेकांनी एकत्र खेळायचा गेम लिहायला घेतला, तो पूर्ण मजकुराचा होता. पुढे 1996 च्या एका लेखात बार्टलने अशा गेममधल्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, शोधणारे, मिसळणारे आणि मारणारे. रोलप्लेचा उल्लेख त्याने मिसळणाऱ्यांच्या खात्यात केला. मला ते पटतं. आरपीला अभिनयापेक्षा जास्त लागतं ते माणसांत मिसळणं.

त्यामुळे जिथे मिसळायला माणसं तयार आहेत, तिथे जा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आरपीसाठी वेगळे सर्व्हर आहेत. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये नावाशेजारी रोलप्लेचं चिन्ह लावता येतं, ते दिसलं की समोरच्याला कळतं, याच्याशी आयसी बोललं तर चालेल. जीटीए फाइव्ह हा आजच्या शहरात घडणारा गेम, त्याचे फाइव्हएम सर्व्हर (पुढे मी त्यांना शहर सर्व्हर म्हणते) लोक स्वतः चालवतात. प्रत्येकाची नियमावली निराळी, आणि कित्येक ठिकाणी आत जायला अर्ज लिहावा लागतो. ती नियमावली वाचा, नुसती स्क्रोल करू नका. 'फिअर आरपी' म्हणजे तुमच्यावर बंदूक रोखली गेली तर तुमच्या पात्राने जिवाला घाबरल्यासारखंच वागायचं. 'न्यू लाइफ' म्हणजे पात्र मरून परत आलं की मरण्याआधीचा प्रसंग त्याला आठवत नाही. या दोन नियमांवरून जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावरून होत नाहीत.

पात्राला काम द्या, आणि एक उणीव

माझं पहिलं पात्र राजपुत्र होतं. राज्य गेलेलं, आईवडील मारले गेलेले, दोन शापित तलवारी, तीन पानांचा इतिहास. तीन आठवडे मी खानावळीत भिंतीला टेकून उभी राहिले आणि कोणी माझ्याशी चार वाक्यांपलीकडे बोललं नाही. बोलणार तरी काय? त्या राजपुत्राला कोणाचीच गरज नव्हती, आणि कोणाला त्याची.

म्हणून आता मी नवीन खेळाडूंना इतिहास लिहूच देत नाही. दोनच ओळी मागते. पात्र रोज काय काम करतं, ज्यासाठी लोक त्याच्याकडे येतील? आणि त्याला काय येत नाही, ज्यासाठी त्याला दुसऱ्याकडे जावं लागेल? ओवी पत्र लिहून देते, म्हणून लोक येतात. तिला लांबचं दिसत नाही, म्हणून जहाज कुठलं आलं हे तिला विचारावं लागतं. या एका प्रश्नावर माझी निम्मी संभाषणं सुरू झाली आहेत. "अहो, शिडाचा रंग कोणता दिसतो?" एवढंच. नवखा खेळाडूसुद्धा याचं उत्तर देऊ शकतो, आणि उत्तर दिलं की तो खेळात आलेला असतो.

नाव दोन-तीन अक्षरी ठेवा, हाक मारता येईल असं. बाकी इतिहास खेळता खेळता सापडतो.

जिथे लोकांना थांबावं लागतं तिथे बसा

धावणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. 2003 ते 2011 पर्यंत चाललेल्या स्टार वॉर्स गॅलेक्सीजमध्ये ही गोष्ट फार छान बांधली होती. लढून आलेल्या पात्राला थकवा चढायचा, आणि तो उतरवायला कँटीनात जाऊन नर्तकांचं किंवा वादकांचं काम बघत बसावं लागायचं. ते नर्तक आणि वादकही खेळाडूच. गेमनेच सैनिकाला खुर्चीवर बसवलं की तो शेजारच्याशी बोलणारच.

तुमच्या गेममध्ये अशी सोय नसेल तरी थांबण्याच्या जागा असतात: बोटीचा धक्का, लिलावघराची पायरी, लोहाराची भट्टी, शहर सर्व्हरवर दवाखान्याची बाकं. तिथे बसा, उभे राहू नका. बसलेल्या पात्राकडे लोक आपणहून येतात. आणि येणाऱ्याला प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर त्याच्या पात्राजवळ असेल. "कसे आहात" याला उत्तर नसतं. "बुटांना इतका चिखल कुठला लागला?" याला असतं.

इमोट: जे दिसतं तेवढंच

हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

भैरव पहिल्यांदा धक्क्यावर आला तेव्हा वरच्या लेव्हलचा, चिलखतातला, अंगावर चमकणाऱ्या सतरा गोष्टी घातलेला योद्धा होता. त्याच्या खेळाडूला पराक्रम सांगायचे होते हे पहिल्या दोन ओळींतच कळलं. ओवीने ऐकून घेतलं, एका सावकाराचं लिहून झालेलं पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "एवढं नजरेखालून घाला हो, माझा डोळा अधू." मिनिटभर चॅट रिकामी होती. मग त्याची ओळ आली:

*भैरव कागद उलटा धरून बराच वेळ बघत राहतो.*

आधी मला वाटलं, गंमत करतोय. मग लक्षात आलं की या खेळाडूने आत्ता, या क्षणी, आपल्या अजिंक्य योद्ध्याला निरक्षर केलंय. आणि "भैरवला वाचता येत नाही, त्याला लाज वाटते" असं काही लिहिलेलं नाही. ते ओळखायचं काम त्याने माझ्यावर सोडलं. ओवीने कागद हळूच परत घेतला आणि म्हणाली, "राहू दे, उजेड कमी आहे. मी वाचते, चुकलं तर सांगा." तिने त्याची लाज झाकली. पुढचे आठ महिने तो दर बुधवारी बहिणीला पत्र सांगायला येत होता.

चांगल्या इमोटची रीत या एका ओळीत आहे. जे तिथे उभ्या असलेल्या माणसाला दिसेल, ऐकू येईल, तेवढंच लिहा. मनातलं लिहू नका. "ओवीला त्याचा संशय आला" या ओळीवर समोरचा काहीच करू शकत नाही, कारण त्याच्या पात्राला ते दिसलेलं नाही. "ओवी लिहिता लिहिता टाक थांबवते" यावर तो विचारू शकतो, घाबरू शकतो, दुर्लक्ष करू शकतो.

आणि परिणाम समोरच्याच्या हातात ठेवा. *भैरव चोराला एका फटक्यात लोळवतो* हे पॉवरगेमिंग झालं, चोराचा खेळाडू उगाच बसला. *भैरव चोराच्या खांद्यावर काठी उगारतो* लिहा आणि थांबा. चोर चुकवेल, मार खाईल किंवा रडायला लागेल. तिन्ही तुमच्या डोक्यातल्या शेवटापेक्षा बरे निघण्याची शक्यता आहे. सुरुवातीला मुद्दाम नियमच करा: तीनातली दोन भांडणं हरायची. हरलेल्या पात्राकडे उद्या बोलायला काहीतरी असतं.

मराठीत आरपी करत असाल तर एक मोठी चीज हाताशी आहे, ती वाया घालवू नका. तू आणि तुम्ही. ओवी सगळ्यांना अहो-जाहो करते, दहा वर्षांच्या भिकाऱ्यालाही. सातव्या महिन्यात भैरव जखमी होऊन आला आणि ती म्हणाली, "बस रे इथे." तीन शब्द. भैरवच्या खेळाडूने ओओसीत लिहिलं, ((आत्ता काटा आला)).

आवाजावर चालणाऱ्या सर्व्हरबद्दल थोडक्यात, कारण तिथे मी कमी खेळते. एका शहर सर्व्हरवर मी वर्षभर रुग्णवाहिकेवर काम करणारी बाई होते. सल्ला एकच: आवाज बदलू नका, वेग बदला. ओढूनताणून आणलेला आवाज अर्ध्या तासात गळतो. सावकाश बोलणं चार तास टिकतं.

भिंत सांभाळा

आयसी आणि ओओसीच्या मधली भिंत. तुम्हाला माहीत असलेलं तुमच्या पात्राला माहीत नसतं. ते वापरणं म्हणजे मेटागेमिंग.

यात मी पोळले आहे. भैरवच्या बहिणीचं एकही उत्तर येईना, तेव्हा मी त्याच्या खेळाडूला ओओसीत विचारलं: ती वारलेली असेल तर चालेल का? तो म्हणाला, चालेल, फक्त आजारपणाचं वर्णन नको. असं आधी विचारून घ्या. मृत्यू, आजार, छळ, प्रेमप्रकरण यांतलं काहीही न विचारता कोणाच्या अंगावर टाकू नका. मग आम्ही ठरवलं की बातमी ओवीला कळते, ती भैरवला सांगत नाही, आणि बहिणीच्या नावाने खोटी उत्तरं लिहून वाचून दाखवते. पाच महिने हे चाललं. मी हौसेने ते सर्व्हरच्या ग्रुपवर सांगितलं. दोन दिवसांनी एका खेळाडूचं पात्र, ज्याने ओवीला कधी पाहिलंही नव्हतं, धक्क्यावर येऊन ओरडलं, "म्हातारी तुला फसवते आहे, तुझी बहीण मेली!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. अशा वेळी चॅटमध्ये भांडू नका. आम्ही ओओसीत "सीन थांबवू या" लिहिलं, लॉग ठेवला, अॅडमिनला दाखवला आणि तो प्रसंग रद्द करून घेतला. सर्व्हरच्या भाषेत व्हॉइड. तेव्हापासून गुपित फक्त ज्याच्याशी संबंध आहे त्याच्याच कानात.

भिंतीला दुसऱ्या बाजूनेही ओल येते. पात्राचं दुःख खेळाडूला चिकटतं, खेळाडूचा राग पात्रात उतरतो. याला ब्लीड म्हणतात. जड सीन झाला की आम्ही दहा मिनिटं ओओसी गप्पा मारतो, दुसऱ्याच कशाबद्दल तरी. ती दहा मिनिटं कधी वगळू नका.

आणि मध्येच कोणी टेबलावर उड्या मारत आला, चॅटमध्ये मीम टाकू लागला, तर रागावू नका. एकदा गोष्टीतच सामावून पाहा ("या पोराला ऊन लागलंय, सावलीत न्या कोणीतरी"). जमलं नाही तर न पाहिल्यासारखं करा आणि दोन पावलं दूर जाऊन बसा. माझ्या ओळखीचे दोन उत्तम आरपीवाले अशाच उड्या मारत आले होते.

सीन संपवताना

उठायच्या दहा मिनिटं आधी ओओसीत सांगा, म्हणजे कोणाचं वाक्य अर्धवट राहत नाही. पुढच्या वेळेसाठी दोन ओळी लिहून ठेवा: कोण काय म्हणालं, कोणाला काय द्यायचं राहिलं. आणि काहीतरी सुटं ठेवून उठा. सगळे धागे एका रात्रीत बांधले की पुढच्या बुधवारी कोणी येत नाही.

भैरव सध्या ओवीकडे अक्षरं शिकतोय. त्यानेच हट्ट धरला, तिला नाही म्हणता आलं नाही. 'त' पर्यंत आलाय. खोटी पत्रं त्याच पालथ्या पेटीखाली आहेत, आणि गेल्या बुधवारी मी उठायची ओओसी सूचना दिल्यावर त्याने रात्रीचं शेवटचं इमोट टाकलं:

*भैरव पेटीच्या कडेवर बसतो. खालची फळी हलते.*