कोडं घालण्याआधी त्याचे शब्द कसे तपासावेत

चवथीला घर भरलेलं असतं, आरत्या आटोपतात आणि कोणीतरी कोडं घालतोच. मग कोडं सुटायचं राहतं, वादच पेटतो. तो टाळायचा तर आधी उत्तर कागदावर लिहा आणि प्रश्न त्या एकाच उत्तराकडे नेतो का पाहा.

‘टोपलीत १२ मानकुराद आंबे होते. ५ सोडून सगळे कुजले. टोपलीत किती उरले?’ घालणाऱ्याच्या मनात ५. पण कुजलेले फेकले, असं कुठे म्हटलंय? टोपलीत १२च आहेत! ‘चांगले किती उरले?’ एवढा बदल पुरे. ‘५ सोडून’ला मात्र हात लावू नका. घाईत वजाबाकी करून ७ म्हणणारा तिथेच फसतो, आणि वाक्य पुन्हा ऐकलं की चूक त्याची त्यालाच कळते. असं फसवणं रास्त.

मोजणीचे शब्द जास्त दगा देतात. पणजीहून मांडवी नदीपलीकडच्या बेतीला होडीने वाघ, शेळी आणि चारा न्यायचा. किमान किती फेऱ्या? अपेक्षित उत्तर ७. फेरीबोटीने ये-जा करणारा मात्र जाऊन-येऊन एक फेरी धरेल आणि साडेतीन म्हणेल. त्याचं काय चुकलं? त्यापेक्षा ‘होडीने नदी किमान किती वेळा ओलांडावी लागेल?’ असं विचारा. होडीत नावाड्यासोबत एकच मावतं आणि नावाडी नसताना कोण कोणाला खातं, हेही आधीच सांगा. मांडवीवर पूल असताना होडी कशाला, असं विचारणाऱ्याला चहा द्या.

‘परवा’ टाळा; तो मागचाही असतो, पुढचाही.

शक्यतेच्या कोड्यात माहिती कशी कळली तेही सांगावं लागतं. दोन अपत्यांपैकी किमान एक मुलगा आहे. दोघेही मुलगे असण्याची शक्यता किती? गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली असं कोडं देऊन उत्तर १/३ सांगितलं, पण पुढे प्रश्न संदिग्ध असल्याचं त्यांनीच मान्य केलं. दोन अपत्यांच्या सगळ्या घरांतून किमान एक मुलगा असलेली घरं वेगळी काढून त्यातलं एक निवडलं, तर १/३ बरोबर. ‘थोरला मुलगा आहे’ म्हटलंत, तर १/२.

हुमाणाला, म्हणजे कोकणीतल्या पारंपरिक उखाण्यासारख्या कोड्याला, हे नियम लावू नका, तिथे आडवळणानेच बोलायचं असतं.

शेवटी कोडं न ऐकलेल्या कोणाला तरी ते वाचून दाखवा. ‘म्हणजे कसं?’ असं त्याने विचारलं, तर तोंडी खुलासा करू नका. तो खुलासा कोड्यातच लिहा.